सैल झाकणं

डब्यांची झाकणं घट्ट लावायची नाहीत, हा आमच्या घरातला माझ्या आईच्या काळापासूनचा नियम. तिच्या बोटांत आमवात होता, आता माझ्याही आहे. सकाळी उठल्यावर तासभर मूठसुद्धा वळत नाही. "आपलंच शरीर आपल्या सांध्यांवर उलटतं," डॉक्टर म्हणाले होते. "मुलीतही उतरू शकतं, पण उतरेलच असं नाही." त्या 'असं नाही'च्या भरवशावर मी आजवर दिवस काढले.

लेकीला मात्र आमच्या सैल झाकणांचा भारी राग. "माझ्या घरात सगळं घट्ट असेल, बघच तू," म्हणत एकेक डबा कचकचून आवळायची आणि सकाळी माझ्या शिव्या खायची.

काल संध्याकाळी तिच्या दारात जाऊन उभी राहिले, तर किंचाळलीच. "अगं आई, येणार म्हणून कळवायचं तरी!"

आज ती उठायच्या आत चहा करावा म्हणून स्वयंपाकघरात गेले. साखरेच्या डब्याचं झाकण बोट लावताच निघालं. चहाच्या डब्याचंही. डाळी, पिठं, बिस्किटं, सगळ्या डब्यांवर झाकणं नुसती टेकवलेली. डोळेच भरून आले. म्हटलं, पोरीने मी झोपल्यावर माझ्यासाठी एकेक झाकण सैल करून ठेवलं!

त्याच कौतुकात डब्यातलं एक बिस्कीट तोंडात टाकलं.



ते पार सादळलेलं होतं, कितीतरी दिवसांपासून.