लेण्याच्या पायरीवरची बाई

"फोटो काढताना हिला इचारलं व्हतं का?"

सर्जेरावांनी पर्यटकांचं मार्गदर्शक पुस्तक आप्पासाहेबांच्या टेबलावर आपटलं.

पुस्तक आप्पासाहेबांनीच लिहिलेलं, विद्यापीठामागच्या डोंगरातल्या लेण्यांवर. उघड्या पानावर लेण्याच्या पायरीवर एक बाई उभी होती. खांद्यावर कोकरू, पायाशी मेंढरांचा पांढरा पूर. खाली छापलेलं : 'परंपरा जपणारी धनगर स्त्री'.

"नाही विचारलं," आप्पासाहेब पुटपुटले.

"आमची सून हाय ती. घरची बाई काय दगडाची मूर्ती हाय, कुणीबी परदेशी पाव्हण्यानं न्याहाळायला? लोकं लई नावं ठेवाया लागली, तशी रुसून गेली. आता कुठं हुडकायची?"

आप्पासाहेबांना स्वतःचाच संताप आला. खांबाखांबाची उंची त्यांनी लिहिली होती, मूर्तीच्या बोटांची मुद्रा लिहिली होती. जितीजागती बाई समोर उभी होती, तिचं नाव विचारायची बुद्धी झाली नव्हती.

"फोटोतली मेंढरं बानाबाई धनगरणीची. तिच्याच तळावर असेल," ते म्हणाले. "मेंढरांमागं तळ हलतो, पण सध्या कुठं आहे ते मला ठाऊक आहे. चला, तिची माफी मागतो."

"चला की. जीप हाय."

जीप पाहून आप्पासाहेबांना नवल वाटलं नाही. चिकलठाण्याला कारखाने आल्यापासून मेंढरं विकून खडीच्या धंद्यात शिरलेले धनगर पुष्कळ होते. गुलमंडीवर थांबून आप्पासाहेबांनी साडीचोळी घेतली. पुढं वाटभर भिंतींवर विद्यापीठाच्या नामांतराच्या घोषणा, बाजूच्या नि विरोधातल्या, एकमेकींवर रंगवलेल्या. सर्जेरावांची नजर रस्त्यावरच होती.

डोंगराच्या कुशीत तळ होता. फोटोतली बाई कोकरांना पाला घालत होती. जीपमधून उतरणारे सर्जेराव दिसले, तशी ती बानाबाईंच्या पाठीमागं सरकली.

"पोरी, चुकलो मी," आप्पासाहेबांनी साडी पुढं केली. "राग सोड. सासरची माणसं न्यायला आलीत."

बानाबाईंनी साडीकडं पाहिलंही नाही. हातातली काठी आडवी धरली.

"कुणाचं सासर, सायेब? नामांतराच्या दंगलीत हिची वस्ती जाळली, तवा म्या माझं लुगडं नेसवून हिला धनगरीण केली. जाळणाऱ्याला हिनं डोळ्यानं बघितलंय, कोर्टात वळखणार हाय. आन तुमी त्यालाच वाट दावत आणलंत."