बिनआवाजाची गाडी

"महिनाभर चालवा आणि फायदे-तोटे लिहून द्या," म्हणत साहेबांनी गस्तीच्या नव्या हायब्रीड गाडीची किल्ली आणि एक फॉर्म हवालदार घोगऱ्यांच्या हातात ठेवला. जुन्या जीपवर वीस वर्षं काढलेल्या घोगऱ्यांना ही गाडी चालू झाली की नाही, हेच आधी कळेना. हळू असली की ती नुसत्या बॅटरीवर चालायची. आवाजाचं नाव नाही.

जीपचा खडखडाट फर्लांगभर पुढे जायचा. ती पोचेपर्यंत तेलाच्या घाण्यामागचा जुगाराचा अड्डा रिकामा आणि चटईवरच्या चहाला अजून वाफा. घोगरे दर वेळी तेच वाक्य लिहायचे, "कोणीही इसम मिळून आला नाही."

त्या दुपारी साहेबांना घेऊन गाडी थेट अड्ड्याच्या दारात जाऊन उभी राहिली, तरी आत पत्ते पिसणं चालूच होतं. साहेब खुशीत आत शिरले. सहा इसम जागेवरच मिळून आले. सहावे घोगऱ्यांचे सासरे होते, निवृत्त मुख्याध्यापक.

"जावईबापू," हातातले तीन एक्के खाली न ठेवता ते म्हणाले, "येताना आवाज तरी द्यायचा!"

संध्याकाळी घोगऱ्यांनी फॉर्म काढला. 'फायदे'पुढे लिहिलं, "गाडीचा आवाज येत नाही." तेवढ्यात बायकोचा फोन आला. नऊ मिनिटं ते फक्त "हो" म्हणत होते.

फोन ठेवून त्यांनी खाली 'तोटे'पुढे लिहिलं, "वरीलप्रमाणे."