छापलंय तसं

मेलेल्या मुलाचं सोळाव्या दिवसाचं कार्य आटोपून श्यामळा कामावर आली, तेव्हा विडी कारखान्यात सकाळचा पेपर अर्धा वाचून झाला होता. कुणाकडे न बघता ती आपल्या जागी बसली. सूप मांडीवर घेतलं आणि पानं कातरायला लागली. शेजारच्या दोघींनी आपापली सुपं हातभर पलीकडे सरकवली.

कार्त्यायनी मधल्या बाकावर बसून वाचत होती. एकवीस वर्षं हे काम तिचंच. चाळीस जण विड्या वळायचे, ती पेपर वाचायची. तिच्या वाटच्या विड्या बाकीचे वळून द्यायचे. आधी एका पक्षाचा पेपर, मग दुसऱ्या पक्षाचा. दोन्ही पुरते आणि छापलंय तसे. केरळात कन्नूरकडच्या त्या गावात दोन पक्षांची माणसं अजून एका छपराखाली बसत होती, ती या नियमावरच.

तिनं पान उलटलं. तिच्याच पक्षाच्या पुढाऱ्याचं भाषण होतं. वाचता वाचता नजर दोन ओळी पुढे गेली आणि आवाज अडखळला. श्यामळाच्या मुलाबद्दल, दुसऱ्या पक्षाच्या मारल्या गेलेल्या शिबिनबद्दल होतं. तो माणूस नव्हता, पिसाळलेलं कुत्रं होतं, असं छापलं होतं.

"तो..." कार्त्यायनीनं चष्मा वर सरकवला, "तो चोवीस वर्षांचा मुलगा होता."

"एच्ची, ओळ चुकली," प्रजोष म्हणाला. तो तिच्याच पक्षाचा शाखा सचिव; सगळ्यांसारखा तोही तिला एच्ची, म्हणजे ताई, म्हणायचा. "दोन्ही पेपर चहाच्या दुकानात वाचून आलोय मी."

"चष्मा बदलायला झालाय, बाबा."

"मग द्या इकडं. मी वाचतो."

कार्त्यायनीनं पेपर छातीशी धरला. "त्याची आई बसलीय रे इथं."

"आणि तुमच्या पोराला, रघूला कुणी मारलं? यांच्याच माणसांनी ना? तुम्ही विसरलात एच्ची, पक्ष विसरलेला नाही."

कात्र्यांचा आवाज थांबला.

"रघूचं सोळावं करून मी कामावर आले, त्या दिवशी त्यांच्या पेपरात काय आलं होतं, माहितीय तुला?" कार्त्यायनी हळू आवाजात म्हणाली. "तू शाळेत असशील तेव्हा. गावाची घाण गेली, असं आलं होतं. ते मी वाचलं. याच बाकावरून, मोठ्यानं, छापलंय तसं. एकाच्याही तोंडून निघालं नाही, की एच्ची, तेवढं राहू दे. नऊ वर्षं झाली. अजून वाटतं, कुणीतरी म्हणायला हवं होतं."

 प्रजोष उठून आला. "नियम म्हणजे नियम," म्हणत त्यानं तिच्या हातातून पेपर काढून घेतला.

त्यानं शब्द न् शब्द ठासून वाचला. कुत्र्याची ओळ आली तेव्हा कोपऱ्यात कुणीतरी फिस्सकन हसलं. दुसरं कुणी हसलं नाही, तसं त्या माणसानं खोकल्याचं सोंग केलं. श्यामळाचे हात चालूच होते. पान वळलं जात होतं, पण दोऱ्याची गाठ काही बसत नव्हती. तीनदा सुटली.

"संपलं," प्रजोष पेपरची घडी घालत म्हणाला. "एच्ची, उद्यापासून वाचायला दुसरं कुणीतरी बघू. तुम्ही सूप घ्या."



"दुसरा पेपर राहिलाय," श्यामळा म्हणाली. आल्यापासूनचा तिचा हा पहिला शब्द. पदरावरचा तंबाखू झटकून ती उठली, बाकापाशी आली. "आमचा पेपर आज मी वाचते."

 त्या पेपरावर कार्त्यायनीनं सकाळीच नजर टाकली होती. भाषणाला उत्तर होतं त्यात, आणि उत्तरात रघूचं नाव होतं. वाचायचा हक्क श्यामळाचा होता. कार्त्यायनी बाकावर जराशी सरकली. श्यामळा तिच्या शेजारी टेकली.

तिला सराव नव्हता. शाळेतल्या पोरीसारखं अक्षराखाली बोट धरून ती वाचत होती. पुढाऱ्यांची नावं, सभेची जागा, मग ते उत्तर. कार्त्यायनी त्या बोटाकडे बघत होती. बोट रघूच्या नावाखाली आलं आणि थांबलं.

प्रजोषनं मान वर केली. श्यामळाच्या पक्षाची माणसंही तिच्याकडे बघू लागली. त्यांनाही ठाऊक होतं तिथं काय छापलंय ते.

दोन ओळी वाचायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ श्यामळा गप्प बसली. ओळ चुकली, असं कुणी म्हटलं नाही. मग तिनं बोट खाली सरकवलं आणि पुढचं वाचायला लागली.