शकुबाईंचा मीटर

टीव्हीचा प्लग काढला, मिक्सरचा काढला, चार्जर काढला, फ्रिजसुद्धा तेवढ्यापुरता बंद केला. मग शकुबाई जिना उतरून खाली आल्या आणि आपल्या मीटरसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

लाल दिवा लुकलुकतच होता. सावकाश, पण लुकलुकत होता.

"म्हणजे कुणीतरी खातंय," त्या पुटपुटल्या. "माझ्या ताटातलं खातंय."

कोण, तेही त्यांना ठाऊक होतं. समोरच्या फ्लॅटमधले धनराज गांगुर्डे. सातपूरच्या कारखान्यात तीस वर्षं वायरमन, आता रिटायर. कुठली तार कुठं जोडायची हे ज्याला झोपेत जमतं, त्याच्यावर संशय घ्यायचा नाही तर मग कुणावर घ्यायचा?

आणि तो माणूस वागायचाही चोरासारखाच. रोज सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी जिन्याखाली यायचा. स्वतःचा मीटर सोडून शकुबाईंचा बघायचा. मान हलवायचा, मोबाइलवर काहीतरी टिपायचा आणि दूध आणायला निघायचा. शकुबाईंनी कठड्यावरून वाकून हे चारदा पाहिलं होतं. पाचव्यांदा हटकलंच.

"काय भाऊ, माझ्या मीटरमध्ये काय हरवलंय तुमचं?"

धनराज दचकले. मोबाइल पटकन खिशात गेला. "काही नाही ताई, आपलं असंच. जुनी सवय."

"सवयी बदलता येतात," शकुबाई म्हणाल्या.

विजेच्या बाबतीत शकुबाईंच्या नादी कुणी लागू नये. कुणी बघत नसताना टीव्हीचा बारका लाल दिवा नुसता जळताना दिसला, तरी त्यांचं डोकं फिरायचं. दीड वर्षापूर्वी याच पायी घरात रण पेटलं होतं. लेक चैताली आपल्या खोलीत कॉम्प्युटरवर नोकरीची मुलाखत देत होती, आणि बाहेर शकुबाईंनी 'उगाच चालूय' म्हणून वायफायचा प्लग ओढला. नोकरी हुकली. चैताली तशीच उठली, बॅग भरली आणि पुण्याला निघून गेली. "पुन्हा फोन करू नकोस," हे वर शकुबाईच म्हणाल्या. तोंडातून गेलं ते गेलं. लेकीनंही आईचा शब्द पाळला, फोन म्हणून केला नाही.

तेव्हापासून त्या खोलीचं दार बंद. शकुबाई आत पाऊल टाकत नसत, जीव तुटायचा. दाराखालून निळसर उजेडाची रेघ दिसायची, पण ती रस्त्यावरच्या दिव्याची असणार. आता शकुबाई जगल्या काय, मेल्या काय, विचारणारं कुणी नव्हतं. म्हणून काय कुणीही यावं आणि लुटून न्यावं?

रविवारी त्यांनी सापळा लावला.

एरवी सात वाजले की गिझर लावायच्या. त्यांची चैन काय ती तेवढीच. त्या दिवशी गिझरला हातच लावला नाही. पावणेसातलाच मेन स्विच खाली ओढला. घर एकदम गप्प झालं. चैतालीच्या दाराखालची निळी रेघही विझली, पण तिकडं बघायला वेळ कुणाला होता? शकुबाई दाराच्या भिंगाला डोळा लावून उभ्या राहिल्या. आपली लाईन बंद झाली की त्याच्या घरात अंधार होणार, आणि चोर आपणहून बोंबलत येणार.

सात वाजून पाच मिनिटांनी धनराज खाली उतरले. एक मिनिट गेलं. दोन गेली. मग जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. गुडघ्याला पट्टा बांधून फिरणारा माणूस दोन-दोन पायऱ्या चढत आला. चेहरा पांढराफटक पडला होता.

'सापडला!' शकुबाईंना आनंद मावेना.

धनराजांनी बेल दाबली. ती कशी वाजणार? मग दारावर थापा पडू लागल्या. "शकुताई! ओ शकुताई! दार उघडा!"

शकुबाईंनी श्वास रोखून धरला. घाबर, अजून घाबर. फुकटची वीज खाताना नाही ना घाबरलास?

"ताई, नुसता आवाज तरी द्या हो!"

त्यांनी नाही दिला.

थापा थांबल्या. धनराजांनी मोबाइल काढून कानाला लावला. आता आपल्या साथीदाराला सांगणार, म्हणून शकुबाईंनीही दाराला कान चिकटवला.

"चैताली, काका बोलतोय," धनराजांना धाप लागली होती. "रोज सकाळी तुझ्या आईचा गिझर लागला, मीटरचा दिवा भराभर लुकलुकला, की मी तुला 'आई उठली' म्हणून कळवतो ना... पोरी, आज तो दिवा एकदाही लुकलुकला नाही गं."