शेखलाल टेलरच्या पिशव्या

"बंद वाकडा तर न्हाई गेला?" शेखलालनं नुकतीच शिवलेली पिशवी पुढं धरली.

त्याच्या बायकोनं, खातूननं, ती हातात घेतली. बंदाचं एक टोक काठाला होतं, दुसरं पिशवीच्या पोटात शिवून बसलं होतं.

"रेघ मारल्यावानी हाय," ती म्हणाली.

"असणारच," तो म्हणाला आणि पुढच्या पट्टीला हात घातला.

केडगाव स्टेशनाजवळ 'शेखलाल टेलर' ही पाटी लागली, तेव्हा पार खुटबावचे नवरदेव माप द्यायला इथं यायचे. मग रेडीमेड आलं. पोरं दौंडला जायची आणि नवा शर्ट घालूनच परतायची. शेखलाल ओट्यावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या कॉलरी बघत राहायचा. त्यात साखरेनं डोळे खाल्ले. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यानंतर तो ताटावरून अर्धपोटीच उठू लागला.

त्याला पुन्हा माणसांत आणलं ते पिशव्यांनी. प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी येणार असा बोभाटा झाला. सणसवाडीच्या कपड्यांच्या कारखान्यात कॉम्प्युटरवरच्या कटिंगमधून उरणाऱ्या पट्ट्या बचत गटाची राजश्री पोत्यानं आणू लागली. त्यांच्या पिशव्या पुण्याच्या दुकानांत जायच्या.

"आमी जल्मभर चिंध्या जपल्या तवा कंजूष म्हणायची लोकं," शेखलाल हसायचा. "आता त्यालाच पर्यावरण म्हणत्यात."

पहिली पिशवी शिवली त्या दिवशी त्यानं भाकरी मागून घेतली. खातूननं तेव्हाच मनाशी सौदा केला. भूक त्याच्या खात्यावर, वाकडी शिवण आपल्या.

जेवण झालं की तो काठी टेकत स्टेशनवर चहाला जायचा. तेवढ्यात ती आतल्या खोलीत पिशव्या उसवायची आणि सुहानाच्या, म्हणजे सासरी गेलेल्या लेकीच्या जुन्या मशीनवर नव्यानं शिवायची. तिची बोटं सांध्यांत सुजलेली. पण उसवणं कधी जड गेलं नाही. दोरा ओढला की अख्खी शिवण हातात यायची.

एकदा राजश्री माल न्यायला आली. बंद ओढून बघत म्हणाली, "चाचा, तुमच्या हातची एकबी पिशवी माघारी आली न्हाई. गटातल्या बायांना जरा शिकवा की."

"शिकवून येत आसतं व्हय?" शेखलाल म्हणाला. "आमची खातून बघ. जल्म गेला टेलरच्या घरात, अजून सुईत दोरा ववता येईना."

राजश्री खिदळली. खातूनही हसली. मान खाली घालून, सुजलेली बोटं पदराखाली घेऊन.

पण त्याच्या लांब टाक्यांच्या त्या ढिल्या शिवणीचा घोर तिच्या मनातून जाईना. टेलरची बोटं ती. डोळ्यांनी नाही, तरी बोटांनी ढिला टाका त्याला एक दिवस लागणारच. मग तो म्हणेल, असला माल पास होतो कसा? आणि कसा होतो ते कळलं, की मशीनवरून उठेल तो कायमचा. ताटावरूनही.

तो चहाला गेल्याबरोबर तिनं मशीनवाल्या संपतला बोलावून घेतलं. शेखलालच्या मशीनला मोटर संपतनंच बसवली होती.

"ह्याचा टाका लई लांब पडतोय रं. बारीक करून दे. आन् चाचांना सांगू नगंस."

संपतनं पान्ह्याला हातच लावला नाही. नुसता डोकं खाजवत उभा राहिला.

"काय रं? बिघाड मोठा हाय का?"

"बिघाड कसला, चाची! मशीन चांगलं हाय. टाका चाचांनीच लांब करून घेतलाय माझ्याकडनं. तुम्हाला सांगू नको म्हणले हुते."

"का पण?"

"म्हणले, तिची बोटं सुजल्यात, उसवताना दुखत्यात."