टेबलाची खालची बाजू

सरकारी टेबलाला वरून चकाकी आणायची हौस सगळ्यांनाच असते. भिवंडीच्या दौलत पॉलिशवाल्याला ग्रामपंचायतीत बोलावलं ते नव्या सरपंच पुतळाबाईंनी, पण हुकूम सोडला ग्रामसेवकाने. "वरचे शाईचे डाग तेवढे काढ रे. सोमवारी मोठे साहेब यायचेत."

"वरचे ऱ्हाऊ दे," पुतळाबाई म्हणाल्या. "आधी टेबल पालथं घाल."

टेबल पालथं झालं. खालची कड निळीजांभळी, शाई पार सागवानात मुरलेली. दौलतने पॉलिश पेपर घासघासून शेवटी हात टेकले. "मावशी, रंधा मारल्याबिगर हे न्हाय जायचं. आन खाली वाकून बघतंय कोण?"

"तेच म्हणतो मी," ग्रामसेवक हसला. "फुकटची हमाली."

"मार रंधा."

"पण एवढी शाई खाली आली कुठनं?" दौलतने विचारलं.

"मागची पाच वर्षं मी हितं मेंबर व्हते. ठराव आला की हे सायेब पॅड सरकवायचे. म्हनायचे, तुला कुठं वाचता येतंय, लाव अंगठा. मी लावायचे, आन कुनाला दिसू नये म्हनून टेबलाखाली पुसायचे. आता सही करते, ती पन वाचून."

दौलतने पिशवीतून रंधा काढला.

पुतळाबाई ग्रामसेवकाकडे वळल्या. "सायेब, टेबल हलतंय. जरा घट्ट धरा."