गच्चीवरचा अभ्यास

प्रेरणा पुन्हा मोबाइल घेऊन गच्चीवर गेली आणि दार लोटून घेतलं.

कुकर लावता लावता ज्योत्स्नाने जिन्याकडे पाहिलं. नणंद बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. सासूबाईंनी आष्टीहून इथे समुद्रपूरला पाठवताना बजावलं होतं, "पोरगी तुया हवाली हाय." उद्या काही भलतंसलतं झालं, तर लोक ज्योत्स्नाच्याच तोंडात शेण घालणार.

कालच तिने हटकलं होतं, "दिवसभर काय करून राह्यली गं वर?"

"शिकून राह्यली, वहिनी. कॉलेजात हे शिकवणारं कोणी नाई. मोबाइलवरूनच शिका लागते."

"इतिहासच ना? मग दार काऊन लोटा लागते?"

प्रेरणा ज्योत्स्नाच्या पाळण्यातल्या लेकाकडे, मिहिरकडे नुसती बघत राहिली होती.

आज सकाळी तर कहरच. "वहिनी, सोमवारी सेवाग्रामले जाऊन येऊ? माई मैत्रीण हाय तिथं दवाखान्यात. मिहिरलेबी घ्या."

मैत्रीण म्हणे! अकरा महिन्यांच्या लेकराच्या आडून कोणाला भेटायचं होतं हिला?

कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या. मिहिर पाळण्यात गाढ झोपलेला. लेकरू गुणाचं, तेवढंच सुख. परवा प्रेरणाच्या हातून त्याच्या उशाशीच परात पडली, तरी पठ्ठ्याची पापणी हलली नाही. हल्ली हिच्या हातून भांडी फारच पडत होती. चित्त ठिकाणावर नसलं की असंच व्हायचं.

ज्योत्स्नाने गॅस बंद केला, मिहिरला कडेवर घेतलं आणि पाय न वाजवता जिना चढली. फटीतून पाहिलं. टाकीला टेकवलेला मोबाइल, आणि त्याच्यासमोर प्रेरणाचे हातवारे. बोट हनुवटीला, तळहात छातीला. तोंडातून शब्द नाही. म्हणजे घरात कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून खाणाखुणा!

तिने धाडकन दार ढकललं, मिहिरला खाली बसवलं आणि मोबाइल हिसकावला.

"कोण हाय तो? बोल!"

"वहिनी, आइका तर... सोमवारपर्यंत थांबा..."

पडद्यावर कोणी पोरगा नव्हता. पिवळ्या साडीतली एक बाई सावकाश बोटं हलवत होती. खाली लिहिलं होतं : 'ऐकू न येणाऱ्या बाळाशी बोलताना, धडा अकरावा'.

मिहिर पाठमोरा बसून कपड्यांच्या चिमट्याशी खेळत होता.

"मिहिर," ज्योत्स्नाने हाक मारली. मग मोठ्याने. मग जीव खाऊन.